मॅट फिनिशची गाडी मनमाडच्या धुळीत आणि पाणीटंचाईत कशी जपायची?

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश चालत नाही, अगदी एकदाही नाही. किया सेल्टोस एक्स-लाइन 2021 मध्ये आली, त्यानंतर इतर कंपन्यांच्याही काही गाड्या कारखान्यातूनच मॅट रंगात मिळू लागल्या. मॅट टाकीच्या बुलेट तर गावोगाव दिसतात. पण गाडी घेताना हा मुद्दा क्वचितच कोणी सांगतं.

साध्या गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. तो सपाट असल्यामुळे प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो. मॅटच्या क्लिअर कोटमध्ये सिलिकासारखे बारीक कण मिसळलेले असतात. त्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत राहतो आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. पॉलिशने किंवा सततच्या घासण्याने हे उंचवटे झिजतात आणि तेवढाच भाग चकाकू लागतो. मेण लावलं तर खड्डे भरून धब्बे दिसतात. साध्या गाडीवरचा बारीक ओरखडा पॉलिशने जातो. इथे तो कायमचा राहतो.

आता मनमाडचं पाहू. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणं इथल्या लोकांना नवीन नाही. त्यात पुणे-इंदूर महामार्गावरची धूळ आणि उन्हाळ्यात चाळिशीला टेकणारा पारा. अशा वेळी गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसून टाकली जाते. मॅट फिनिशचं सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं, कारण फडक्याखालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते. त्यापेक्षा चार दिवस गाडी मळकी राहिलेली बरी!

कमी पाण्यात धुण्यासाठी शेतीचा फवारणी पंप उत्तम, पण कोरा हवा. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी नको. 16 लिटरच्या टाकीतलं निम्मं पाणी आधी धूळ भिजवून खाली उतरवायला वापरा. मग दोन बादल्या घ्या, एकीत मॅट रंगासाठीचा सौम्य शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दाब न देता वरून खाली फिरवा. कपड्यांची पावडर आणि ब्रशवालं वॉशिंग सेंटर टाळा. उरलेल्या पाण्याने गाडी धुऊन मऊ कापडाने टिपून घ्या. हे सगळं सावलीत, बॉनेट गार असताना.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार उन्हात वाळले की पांढरी वलयं उरतात. अनेक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात. बचतीचा विचार चांगलाच, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, तेव्हा ते फरशीला वापरा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते स्वच्छ बाटलीत साठवलं तर शेवटचा हात फिरवायला कामी येतं. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरलेलं पाणीही चालेल, पहिल्या सरीचं सोडून.

पक्ष्यांची विष्ठा आणि सांडलेलं पेट्रोल यांना तासभरही थांबवू नका. वाळलेल्या विष्ठेवर ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, घासू नका. झाडाखाली गाडी लावावी लागते म्हणून कव्हर घेत असाल तर जपून. धुळकट गाडीवर वाऱ्याने फडफडणारं कव्हर दिवसभर घासत राहतं. टायर चमकवायचा स्प्रे दारावर उडाला तर तोही डाग सोडतो.

बजेट असेल तर नव्या गाडीलाच मॅट पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घ्या. ओरखडा फिल्मवर पडतो आणि पुढे तेवढा तुकडा बदलता येतो. मॅटसाठीच्या सिरॅमिक कोटिंगने मळ लवकर सुटतो, पण ओरखडे थांबत नाहीत. साध्या रंगावर मॅट रॅप चढवून गाडीचा रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा, कारण आरसीवर रंगाची नोंद असते.

आणि ठोकर लागलीच तर तेवढाच ठिपका रंगवून भागत नाही. नव्या-जुन्या रंगाचा सांधा पॉलिशने मिटवता येत नसल्याने सहसा अख्खं पॅनल रंगवावं लागतं, तेही मॅटचा हात असलेल्या पेंटरकडून. विमा घेताना या खर्चाबद्दल आधीच विचारून ठेवा.