कळण्याची भाकरी : खानदेशच्या जात्यातला अमिनो आम्लांचा इतिहास

१/ मराठीत 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढले' असे म्हटले की डोळ्यांपुढे दारिद्र्य उभे राहते. पण जळगाव-धुळ्याकडे हाच 'कळणा' आज पाहुण्यांच्या ताटात मानाने वाढला जातो. गरिबीची खूण मानलेल्या या अन्नाविषयी रसायनशास्त्र काय सांगते, याचा हा धागा. 🧵

२/ खानदेशी कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र दळून केलेले पीठ. प्रमाण घराघरांत निराळे; ज्वारी अधिक, उडीद कमी. सोबत ठेचा, कच्चे तेल, कांदा किंवा वांग्याचे भरीत. १९०६ साली खानदेशचे पूर्व (जळगाव) आणि पश्चिम (धुळे) असे दोन जिल्हे झाले. भाकरी मात्र एकच राहिली.

३/ आता थोडे मागे जाऊ. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला १ पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने निषेध केला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांचा आक्षेप होता की, नुसत्या धान्याने कष्टकऱ्याचे शरीर टिकत नाही, नत्रयुक्त अन्नही हवे.

४/ कॉर्निश यांच्या काळी प्रथिने मोजली जात ती नत्रावरून. सगळी प्रथिने सारखी नसतात, हे स्पष्ट व्हायला पुढची पिढी यावी लागली. १९१४ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना प्रथिन म्हणून केवळ मक्यातले 'झेइन' दिले. उंदीर खंगले. ट्रिप्टोफॅन मिळताच ते तगले. त्यात लायसिनची भर पडताच वाढू लागले.

५/ ट्रिप्टोफॅन, लायसिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या भिंतीतल्या विटा. त्यांपैकी ९ मानवी शरीर स्वतः घडवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. एक वीट अपुरी पडली की बाकीच्या असूनही बांधकाम अडते. ज्वारीत हीच उणीव लायसिनची आहे.

६/ आणि उडदात लायसिन भरपूर! उलट कडधान्यांत गंधकयुक्त मेथिओनिन कमी असते. त्या बाबतीत ज्वारीची बाजू तुलनेने बरी. एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. जात्यात दोन्ही एकत्र पडत, म्हणून भाकरीच्या प्रत्येक घासात दोन्ही येत.

७/ ज्वारीची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'पेलाग्रा' हा कातडी सोलवटणारा, अतिसार आणि बुद्धिभ्रंश घडवणारा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. जगभर तो मका खाणाऱ्या गरिबांचा रोग म्हणून ओळखला गेला. पण हैदराबाद परिसरात तो मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत दिसू लागला.

८/ हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये संशय घेतला तो ल्यूसिनवर. हे अमिनो आम्ल ज्वारीत गहू-तांदळापेक्षा बरेच अधिक असते. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन बनवते. ल्यूसिनचा अतिरेक या प्रक्रियेत अडथळा आणतो, असे त्यांचे मत होते.

९/ या मतावर पुढे वाद झाले. सर्व प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. ज्वारीच्या वाणांतही ल्यूसिन कमी-अधिक असते. म्हणून ज्वारीला दोषी ठरवणे चूक. एकाच धान्यावर, तेही अपुऱ्या, जगावे लागणे हा खरा दोष.

१०/ मग आपल्या पूर्वजांना अमिनो आम्ले ठाऊक होती काय? मुळीच नाही. पहाटे जाते ओढणाऱ्या बाईला पोट भरायचे होते आणि शेतातले उडीद वाया घालवायचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून एक मिश्रण टिकले, एवढेच. त्याला 'प्राचीन विज्ञान' म्हणून मिरवण्याची गरज नाही. त्याला हलके लेखण्याचीही नाही.

११/ कारण टंचाईच्या वर्षी गरिबाच्या पिठातून आधी नाहीशी होते ती डाळच. भाकरीचा आकार तोच राहतो, तिचे सत्त्व जाते. टेंपल यांच्या तराजूला हे दिसले नाही.

१२/ घरी आजी असेल तर तिला विचारा: पायलीभर ज्वारीला उडीद किती? उत्तर गावाच्या नावासह खाली लिहा. तोही इतिहासच आहे.