दुर्बिणीतून अश्रुनलिकेचं ऑपरेशन (एंडोस्कोपिक डीसीआर): यश कशावर अवलंबून असतं?

एरवी मी फोन आणि ॲप्सबद्दल लिहितो. आज मात्र घरच्या अनुभवातून समजलेली एक मेडिकल टेक्नॉलॉजी सांगतो.

माझी मावशी रिसोडला राहते. वय ५८. "डोयातून पानी येते रे," असं ती दोन वर्षं म्हणत होती, आम्ही मनावर घेतलं नाही. मोतीबिंदूच्या तपासणीत कळलं की अश्रुनलिका बंद आहे आणि पू साचलाय. असा पू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर डोळ्याच्या आत इन्फेक्शन होऊन नजर जाऊ शकते. त्यामुळे आधी डीसीआर करायचं ठरलं. तेवढ्यात मावसभावाने एक रील पाठवली: 'टाका नाही, डाग नाही, १०० टक्के यश!' पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही.

डीसीआर म्हणजे काय?

पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रू अश्रुपिशवीत जातात आणि तिथून नळीने नाकात उतरतात. ही नळी बंद झाली की डोळा गळतो. डीसीआरमध्ये मधलं हाड थोडं काढून पिशवीतून थेट नाकात नवा रस्ता करतात. इटलीच्या टोटी यांनी १९०४ मध्ये हे ऑपरेशन बाहेरून काप देऊन करण्याची पद्धत मांडली. एंडोस्कोपिक पद्धतीत साधारण ४ मिलीमीटर जाडीची दुर्बीण नाकातून घालतात आणि डॉक्टर स्क्रीनवर बघत काम करतात. म्हणून चेहऱ्यावर डाग राहत नाही.

साध्या केसमध्ये दोन्ही पद्धतींत दहापैकी साधारण नऊ जणांना आराम पडतो. म्हणजे निकाल फक्त दुर्बिणीवर ठरत नाही.

निकाल कशावर ठरतो?

१. अडथळा कुठे आहे: पिशवीच्या खाली असेल तर यशाची शक्यता चांगली. पापणीजवळच्या बारीक नळ्याच बंद असतील तर साधं डीसीआर पुरत नाही. हे सिरिंजिंगमध्ये, म्हणजे पिचकारीने पाणी सोडून बघताना, समजतं.

२. नवा रस्ता किती मोकळा झाला: हाड पुरेसं काढलं नाही किंवा पिशवी नीट उघडली नाही, तर भोक पुन्हा आकसतं. इथे सर्जनचा अनुभव महत्त्वाचा.

३. नाकाची स्थिती: आतला पडदा वाकडा असेल तर जागा कमी पडते. पॉलिप किंवा सायनसचं इन्फेक्शन असेल तर आधी किंवा सोबतच त्याचा इलाज करावा लागतो.

४. जुना इतिहास: आधीचं फसलेलं ऑपरेशन, चेहऱ्याचं फ्रॅक्चर किंवा लहान, आकसलेली पिशवी असेल तर काम अवघड होतं.

५. नंतरची काळजी: नाकात खपल्या धरतात, मांस वाढतं, दोन भाग चिकटू शकतात. डॉक्टर दुर्बिणीने बघून ते वेळीच साफ करतात.

पाचव्या मुद्द्यावर आम्हीच चुकलो. ऑपरेशन अकोल्याला झालं आणि नेमकी सोयाबीनची सोंगणी आली. मावशी म्हणाली, "आता बरं हाय, कायले जाऊ?" तपासणी तीन आठवडे लांबली. गेलो तेव्हा भोकाजवळ चिकटायला सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी ते तिथेच मोकळं केलं, म्हणून दुसरं ऑपरेशन टळलं. पुढे मोतीबिंदूही निघाला.

फोनचा उपयोग कुठे?

- तपासणीच्या तारखा आणि नाक धुण्याच्या वेळा कॅलेंडरमध्ये टाका. रिमाइंडर घरातल्या दोघांच्या फोनवर लावा.
- सिरिंजिंगचा रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठीचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.
- व्हिडिओ कॉलवर नाकाच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष जावंच लागतं.

नेहमीचे प्रश्न

सिलिकॉन नळी घालावीच लागते का?
प्रत्येकाला नाही. घातली तर साधारण काही आठवड्यांनी काढतात. स्वतः ओढू नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर?
डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

बाळाचा डोळा गळत असेल तर?
बहुतेक बाळांचा त्रास डॉक्टरांनी शिकवलेल्या मालिशने वर्षभरात थांबतो.

वाशिम जिल्ह्यात चौकशी कुठे करायची?
वाशिमला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. तिथे डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या विभागात विचारा. लांब जायचं ठरलं तर नंतरच्या फेऱ्यांचा हिशोब आधीच करा.

घरात कुणाचा डोळा सारखा गळत असेल तर आमच्यासारखी दोन वर्षं घालवू नका. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की तपासणीला घेऊन जा.