हातचें सोडून

हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. संसारांत ती बहुधा खरी ठरते. परंतु अमेरिकेंतील इंटेल या चिप बनविणाऱ्या कंपनीचा इतिहास पाहिला म्हणजे हातचें वेळीं न सोडणें हेंही नाशाचें कारण होऊं शकतें, असें दिसून येतें.

या कंपनीचा जन्मच मुळीं सोडून जाण्यांतून झाला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले विल्यम शॉक्ली यांनीं कॅलिफोर्नियांत प्रयोगशाळा काढली होती. त्यांच्या एककल्ली कारभारास कंटाळून आठ तरुण शास्त्रज्ञ १९५७ सालीं बाहेर पडले व त्यांनीं फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभारली. त्या आठांपैकीं रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनीं पुढें तीही सोडली आणि १९६८ च्या जुलैंत इंटेलची स्थापना केली. हंगेरींतून निर्वासित होऊन आलेले अँड्र्यू ग्रोव्ह हे त्यांना लागलीच येऊन मिळाले.

त्या काळीं संगणकाची स्मृति बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवून तयार करीत. तीच सिलिकॉनच्या तुकड्यावर उतरवावी, हा इंटेलचा मूळ हेतु होता. १९७० सालीं निघालेल्या ११०३ या चिपमध्यें होय-नाहीं स्वरूपाच्या १,०२४ खुणा सांठविण्याची सोय होती. थोड्याच वर्षांत अशा चिपांनीं कड्यांना मागें टाकलें, आणि स्मृतीचा धंदा हाच इंटेलचा प्राण होऊन बसला.

पुढें तारणारी वस्तु मात्र आडवाटेनें आली. १९६९ सालीं बिझिकॉम या जपानी कंपनीनें आपल्या हिशेबयंत्रांकरितां निरनिराळ्या कामांच्या अनेक चिपा मागितल्या. तेव्हां टेड हॉफ यांनीं सुचविलें कीं, प्रत्येक कामास वेगळी चिप करण्यापेक्षां दिलेल्या सूचनांप्रमाणें हवें तें काम करणारी एकच मुख्य चिप करावी. फेडेरिको फॅजिन यांनीं मासातोशी शिमा यांच्या साहाय्यानें ती सिद्ध केली. तींत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. करारान्वयें तिचा हक्क बिझिकॉमकडे होता. इंटेलनें ६०,००० डॉलर परत करून ती हिशेबयंत्रांखेरीज इतरत्र विकण्याची मोकळीक मिळविली व १९७१ च्या नोव्हेंबरांत ४००४ या नांवानें ती बाजारांत आणिली. तिच्याच वंशांतील ८०८८ ही चिप १९८१ सालीं आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत बसली.

तरी कंपनीचें मन स्मृतींतच गुंतलेलें होतें. इकडे जपानी कारखाने अधिक निर्दोष व स्वस्त स्मृतिचिपा काढूं लागले, आणि इंटेलचा वाटा वर्षानुवर्षें घसरला. १९८५ च्या मध्यास ग्रोव्ह यांनीं मूर यांना विचारलें कीं, आपणां दोघांना काढून संचालकांनीं नवा प्रमुख नेमला, तर तो काय करील? तो हा धंदा बंद करील, असें मूर यांनीं तत्काळ सांगितलें. मग तेंच आपल्या हातानें कां करूं नये, असा ग्रोव्ह यांचा प्रतिप्रश्न होता. या निर्णयाची किंमत जबर होती. कारखाने मिटले, हजारों माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९८६ सालीं १७ कोटींहून अधिक डॉलरांचा तोटा आला. परंतु १९९२ मध्यें विक्रीच्या मानानें इंटेल या व्यवसायांत जगांत पहिली ठरली. १९९३ च्या पेंटियम चिपच्या निर्मितींत पुण्यांत जन्मलेले विनोद धाम हे अग्रणी होते.

यशानें मात्र नवें हातचें निर्माण केलें. संगणकाच्या चिपवर भरपूर नफा मिळत असतां ॲपलच्या नियोजित फोनकरितां चिप पुरविण्याची संधि इंटेलनें नाकारली. तो फोन २००७ सालीं निघाला व जग त्याच्या मागें गेलें. २०२४ सालीं इंटेलला सुमारें १,८८० कोटी डॉलरांचा तोटा झाला. त्याच वर्षीं डाऊ जोन्सच्या यादींतील तिची जागा एन्व्हिडियानें घेतली, आणि २०२५ मध्यें अमेरिकन सरकार तिच्या सुमारें दहाव्या हिश्शाचें भागीदार झालें.

१९८५ सालीं दोघांनीं स्वतःस विचारलेल्या त्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. अवघड होतें तें प्रश्न विचारणें. संकट दारांत उभें असतां तो कोणासही सुचतो. भरभराटीच्या दिवसांत तो ज्यास सुचेल, त्यालाच हातचें केव्हां सोडावें हें कळलें म्हणावयाचें.