सर रिफ्रेशरला गेलेत

कोपरगावच्या बेटात गोदावरीकाठी शुक्राचार्यांचं देऊळ आहे, कचेश्वराचंही आहे. इथे लग्न लावायला मुहूर्त पाहावा लागत नाही, असं लोक मानतात. शुक्राचार्य आणि कचाची कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातली एक गंमत सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या फक्त शुक्राचार्यांकडे होती आणि ती मिळवायला देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शिष्य म्हणून धाडलं. असुरांनी त्याला मारून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूलाच पाजलं. आता कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाडूनच. मग शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला तिथेच विद्या शिकवली. कच बाहेर आला, गुरू गतप्राण झाले आणि नुकत्याच शिकलेल्या मंत्रानं शिष्यानं गुरूला उठवलं. धडा नीट शिकवला गेला नसता तर मास्तर जिवानिशी जाणार होते. अध्यापनाची इतकी कडक परीक्षा पुढे कोणत्याही आयोगानं सुचवलेली नाही.

गावच्या साखर कारखान्याला आणि इंजिनीअरिंग कॉलेजला ‘संजीवनी’ हे नाव का दिलं गेलं, ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण कॉलेजांत शिकवणाऱ्यांना शिकवायला कोण शिकवतं, हा प्रश्न विचारायला मात्र बराच उशीर झाला.

शाळामास्तराला ट्रेनिंग लागतं, हे नगर जिल्ह्यानं फार पूर्वीच पाहिलं होतं. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी ज्यांच्याकडे शिकल्या, त्यांत नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या सिंथिया फॅरार होत्या. पुढे प्राथमिकसाठी ट्रेनिंग कॉलेजं निघाली, हायस्कूलच्या शिक्षकांसाठी बी.टी. आणि मग बी.एड. आलं. प्राध्यापकाला यातलं काहीच लागू नव्हतं. एम.ए. झालं, मुलाखत झाली, सोमवारी आठच्या तासाला वर्गात. चौथीला शिकवायला प्रमाणपत्र हवं आणि एम.ए.ला शिकवायला नको, हे कुणाला विचित्र वाटत नसे. विषय येतो म्हणजे शिकवता येतं, ही समजूत इंग्रजी अमदानीतून चालत आली होती. कोपरगावची कॉलेजं ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. जी बाई शिकवायचं प्रशिक्षण घेऊनच वर्गात उभी राहिली, तिचं नाव तशी अटच नसलेल्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाला. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण तो टोचतो.

रयत शिक्षण संस्थेत ही विसंगती आणखी ठळक दिसते. १९१९ साली संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना गावोगाव शाळा हव्या होत्या आणि शाळांना मास्तर हवे होते. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज आलं, १९५५ ला हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. म्हणजे शाळेच्या दोन्ही पायऱ्यांवरच्या मास्तरांची सोय संस्थेनं घरच्या घरी केली. प्राध्यापकांसाठी मात्र तिच्याकडे काही नव्हतं. तसं ते देशातच नव्हतं.

साठच्या दशकात रयतनं कोपरगावात सद्गुरू गंगागीर महाराजांच्या नावानं कॉलेज सुरू केलं. के. जे. सोमैयांच्या नावाचं दुसरं कॉलेजही याच गावात आहे. त्यांच्या गोदावरी शुगर मिल्सचा साकरवाडीचा कारखाना तालुक्यातलाच. दारणा धरणानंतर गोदावरीच्या कालव्यांना पाणी आलं, पाण्यामागून ऊस, उसामागून कारखाने आणि कारखान्यांमागून कॉलेजं. त्यातच १९५९ मध्ये सरकारनं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. ‘ईबीसी’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला आणि घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलं.

या मुलांपुढे उभा असे चोवीस-पंचवीस वर्षांचा लेक्चरर. त्याची पुस्तकं इंग्रजी आणि मुलं मराठी माध्यमातली. ‘मार्जिनल युटिलिटी’ ऊस तोडून आलेल्या पोराला कशी सांगायची, हे एम.ए.च्या कोणत्याच पेपरात नव्हतं. भाषा संचालनालय परिभाषा कोश काढत होतं, पण ‘सीमान्त उपयोगिता’ म्हटल्यानं कोडं सुटत नव्हतं. बहुतेकांनी जुनी वाट धरली. हजेरी घ्यायची, पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगायच्या, बेल झाली की वाक्य अर्धं टाकून निघायचं. काहींनी दुसरी वाट शोधली. एखादा पहिल्या भाकरीची चव आणि पाचव्या भाकरीची चव यांतला फरक सांगत सिद्धान्ताकडे यायचा, आणि मागच्या बाकावरही मान वर व्हायची.

असा प्राध्यापक घडायचा तो टीचर्स रूममध्ये. ज्येष्ठाच्या वर्गात मागे बसून, एखाद्या फजितीनंतर चहावर मिळालेल्या कानपिचक्यांतून. रयतमध्ये याला बदल्यांची जोड होती. साताऱ्याचा माणूस पंढरपूरला, तिथला पनवेलला, कुणी कोपरगावला. घरच्यांचे हाल होत, मुलांच्या शाळा तुटत. पण माणूस नव्या ठिकाणी जाई तो जुन्या ठिकाणच्या चार युक्त्या घेऊन. संस्थेनं बदलीला कधी प्रशिक्षण म्हटलं नाही, तरी पुढच्या कित्येक कोर्सांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला असावा.

जगातही हा विचार तेव्हा नवाच होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं प्राध्यापकांच्या अध्यापनासाठी केंद्र काढलं ते १९६२ मध्ये. आपल्याकडे १९६३ पासून अमेरिकी मदतीनं विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळी संस्था सुरू झाल्या. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, शिष्यवृत्तीवर एम.फिल., पीएच.डी.ला जाण्याची सोय झाली. यातून विषय पक्का झाला. फळ्यापाशी काय करायचं, तो प्रश्न तिथेच राहिला.

तो नेमका पकडला कोठारी आयोगानं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेले, खेड्यातली शाळा आणि दिल्लीतली फाईल दोन्ही जाणणारे. नव्या प्राध्यापकाला सुरुवातीलाच काही आठवडे उद्बोधन मिळावं आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमचं ‘स्टाफ कॉलेज’ काढावं, असं १९६६ च्या अहवालात आलं. अहवाल गाजला, ही शिफारस कपाटात गेली. नाईक १९८१ मध्ये वारले. १९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, त्यापाठोपाठ १९८७ पासून यूजीसीनं देशभर ४८ ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं मंजूर केली. शिफारशीपासून २१ वर्षं. एवढ्यात एका लेक्चररची निम्मी नोकरी संपते.

पण धोरणाबरोबर नवी वेतनश्रेणीही आली होती आणि तिथे एक गाठ बसली. आठ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, पुढे निवड श्रेणी. पण कोर्स केलेला असेल तरच. चार आठवड्यांचा ओरिएंटेशन म्हणजे उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा रिफ्रेशर म्हणजे उजळणी वर्ग. प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘स्थाननिश्चिती’, म्हणजे वरच्या श्रेणीत जाणं, हा शब्द आला आणि मुक्कामाला राहिला. कोर्स कशासाठी, तर स्थाननिश्चितीसाठी. शिकवणं सुधारण्याचा कार्यक्रम अशा रीतीनं सेवापुस्तकातली एक नोंद झाला. अर्थात त्या नोंदीशिवाय किती जण गेले असते, हेही विचारायला हवं. मुदत संपत आली की अर्जांचा ढीग पडे आणि यूजीसी मुदतवाढ देई.

कोपरगावचा प्राध्यापक कर्तव्य रजा टाकून, सूटकेस घेऊन पुण्याला निघे. गेस्ट हाऊसमध्ये खोलीत दुसरा कुणी धुळ्याचा, कुणी सिंधुदुर्गाचा. दिवसाला चार व्याख्यानं. ‘व्याख्यानपद्धतीचे दोष’ या विषयावर दीड तासाचं सलग व्याख्यान ऐकल्याची आठवण अनेक जण हसत सांगतात. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र कुणाच्याच लक्षात राहत नसे. जीव यायचा तो शेवटी, प्रत्येकाला पाठ घ्यावा लागे तेव्हा. बी.एड.मधलं सूक्ष्म अध्यापन, मुळात स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमाराला निघालेलं. समोर विद्यार्थी नाहीत, सगळे प्राध्यापकच. वीस वर्षं बिनधास्त शिकवणाऱ्या माणसाच्या हातातला खडू तेव्हा थरथरे. कुणी सांगे, ‘सर, तुम्ही पूर्ण वेळ फळ्याशी बोललात.’ हे वाक्य त्याला आजवर कुणी ऐकवलेलं नसे; विद्यार्थ्यांची तर हिंमतच नव्हती. रात्री खोलीत मग खरी चर्चा रंगे. तुमच्याकडे वर्गात किती येतात, इंग्रजी कसं रेटता, प्रॅक्टिकलला सामान पुरतं का.

गावातल्या इंजिनीअरिंगची गोष्ट वेगळी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि शंकरराव कोल्ह्यांच्या संजीवनीचं कॉलेज त्याच वर्षीचं. अशी कॉलेजं राज्यभर एकदम उभी राहिली, शिक्षक कुठून आणायचे? बऱ्याच ठिकाणी कालचा बी.ई. आज शिकवायला उभा, विद्यार्थ्यांहून चार वर्षांनी मोठा. तंत्रशिक्षणात तयारी खरं तर आधीपासून होती. भोपाळची तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्था साठच्या दशकातली, आयआयटीत एम.टेक., पीएच.डी. करू देणारी ‘क्यूआयपी’ योजना १९७० ची. पण जागा मूठभर आणि माणसं हजारो. आयआयटी मुंबईच्या दीपक फाटकांनी २००९ नंतर उलटा हिशेब मांडला. शिक्षकांना पवईला आणण्याऐवजी पवईचा वर्ग देशभरच्या केंद्रांत एकाच वेळी दाखवायचा आणि एका कार्यशाळेत हजार-हजार शिक्षक बसवायचे. रात्रीची खोली त्यात गेली, आणि तिच्याबरोबर बरंच काही गेलं.

२०१० मध्ये यूजीसीनं एपीआय ही गुणपद्धत आणली आणि प्रत्येक कोर्स, प्रत्येक परिसंवाद गुणांत मोजला जाऊ लागला. २०१९ मध्ये नव्यांसाठी महिन्याभराचा ‘गुरुदक्षता’ कार्यक्रम आला. कागदावर तो आधीच्यापेक्षा चांगला, कारण त्यात वर्ग, मूल्यमापन आणि विद्यार्थी मध्यभागी आहेत. तो रुळायच्या आत लॉकडाउन लागला आणि वेबिनारांचा पूर आला. पाच प्रश्नांची प्रश्नमंजूषा सोडवा, ई-प्रमाणपत्र लगेच मेलवर. काहींच्या फोनची मेमरी त्या प्रमाणपत्रांनी भरली. याच दिवसांत पन्नाशीच्या प्राध्यापकांना झूमवर स्क्रीन शेअर करायला वर्गातल्या पोरांनी शिकवलं, ते मात्र कुठल्या फॉर्ममध्ये भरता आलं नाही.

स्टाफ कॉलेजचं २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. कोर्स आता बहुतेक ऑनलाइन असतात. माणूस कोपरगावातच, कधी घरी, कधी रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडून बसलेला. तरी तासाला सर का नाहीत म्हणून मुलं विचारायला आली, तर ऑफिसमधला क्लार्क मान वर न करता जुनंच उत्तर देतो, ‘सर रिफ्रेशरला गेलेत.’