'कानडा' विठ्ठल : एका द्वयर्थी शब्दाचा अनुवाद आणि इतिहास

प्रस्तावना :
भक्तिगीतांच्या अनुवादात द्वयर्थी शब्द ही मोठी अडचण ठरते. सतराव्या शतकातील क्षेत्रय्या यांच्या अनेक तेलुगू पदांत गणिका ज्याला उद्देशून बोलते, तो एकाच वेळी देवही असतो आणि गिऱ्हाईकही. ए. के. रामानुजन, वेल्चेरू नारायण राव व डेव्हिड शुलमन यांनी 1994 मध्ये या पदांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा हा दुहेरीपणा त्यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच मांडला. मराठी संतवाङ्मयात असाच प्रश्न 'कानडा' या विशेषणाने निर्माण केला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

शब्दाचे अर्थ :
ज्ञानदेवांच्या नावावरील एका सुप्रसिद्ध अभंगात विठ्ठलास 'कानडा' आणि 'करनाटकु' म्हटले आहे. 'कानडा' म्हणजे कन्नड प्रदेशातील. परंतु जुन्या मराठीत 'दुर्बोध, अगम्य' असाही त्याचा अर्थ होतो. 'करनाटकु' म्हणजे कर्नाटकातील, तसेच नाटक अर्थात लीला करणारा. त्याच अभंगात पुढे वाणी खुंटल्याचा अनुभव येतो. त्यामुळे 'अगम्य' हा अर्थ संदर्भाशी जुळतो.

ऐतिहासिक संदर्भ :
प्रादेशिक अर्थही निराधार नाही. पंढरपूर येथे होयसळ राजा सोमेश्वर याच्या काळातील 1237 चा शिलालेख आहे. ज्ञानेश्वरीचा काळ 1290 मानला जातो. कर्नाटकातील हरिदास पुरंदरदासांनी 'पुरंदरविठ्ठल' ही नाममुद्रा धारण केली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) या ग्रंथात विठ्ठलाच्या दाक्षिणात्य संबंधांची सविस्तर चर्चा केली आहे.

विवेचन :
वास्तविक हे दोन अर्थ परस्परविरोधी नाहीत. शेजारची भाषा कानी पडते, पण उमगत नाही; अशा समाजातच तिचे नाव 'न कळणारे' या अर्थाने रूढ होऊ शकते. म्हणजे दुसरा अर्थ पहिल्यावर उभा आहे. अनुवादकाने केवळ 'अगम्य' असे भाषांतर केल्यास दोन भाषांच्या सहवासाचा इतिहास पुसला जातो. केवळ 'कर्नाटकातील' असे केल्यास भक्ताचा अनुभव हरवतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाप्रश्न तीव्र झाला. अशा वातावरणात या शब्दाकडे मालकी हक्काचा पुरावा म्हणून पाहण्याचा मोह होतो. तथापि तेराव्या शतकातील भाषिक सीमा आजच्या राज्यसीमांसारख्या आखीव नव्हत्या. शिवाय विशेषणावरून भक्तांची धारणा कळते. केवळ त्यावरून दैवताचे उगमस्थान सिद्ध होत नाही.

निष्कर्ष :
अनुवादात 'कानडा' हा मूळ शब्द कायम ठेवून दोन्ही अर्थ टीपेत द्यावेत, हेच अधिक योग्य होय. येथील संदिग्धता हा काव्याचा दोष नसून मराठी-कन्नड संपर्काचा तो एक ऐतिहासिक पुरावा आहे. एक अर्थ निवडून तो नष्ट करण्याचा अधिकार अनुवादकास नाही.