दिवा आणि लेखणी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक चित्र उभें राहतें. मध्यरात्रीची वेळ, इस्पितळाचें लांबच लांब दालन, जखमी शिपायांच्या रांगा आणि हातांत दिवा घेऊन त्यांच्यामधून हळूहळू जाणारी एक कृश स्त्री. शाळेंतील क्रमिक पुस्तकांनीं हें चित्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनावर ठसविलें आहे. तें खोटें नाहीं. पण अपुरें आहे, आणि थोर व्यक्तींच्या बाबतींत अपुरें चित्र कधीं कधीं खोट्याहून अधिक फसवितें. बाई १८२० सालीं जन्मल्या आणि १९१० सालीं वारल्या. नव्वद वर्षांच्या या आयुष्यांत रुग्णांमध्यें राहून केलेली सेवा मुख्यत्वें तीन वर्षांची. १८५३ सालीं लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांनीं हातीं घेतली, आणि १८५६ सालीं क्रीमियाच्या युद्धावरून त्या परतल्या. छत्तिसाव्या वर्षींच त्यांनीं हातांतला दिवा खालीं ठेवला. मग उरलेलीं चौपन्न वर्षें त्यांनीं काय केलें?

याचें उत्तर स्कुतारीच्या इस्पितळांतच शोधावें लागतें. बॉस्फोरसच्या आशियाकडील कांठावरच्या या गांवीं बाई १८५४ च्या नोव्हेंबरांत अडतीस परिचारिकांसह पोंचल्या. तेथें पहिल्याच हिवाळ्यांत चार हजारांहून अधिक शिपाई मेले, आणि त्यांतील बहुतेक जखमांनीं नव्हे, तर पटकी, हगवण आणि ज्वर यांनीं. १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत चढलें. मार्चमध्यें सरकारनें धाडलेलें आरोग्यमंडळ आलें. त्यानें तुंबलेलीं गटारें साफ केलीं, कोंदट दालनांत हवा खेळविली, आणि जूनमध्यें तेंच प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें.

स्वदेशीं परतल्यावर विल्यम फार या आंकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें बाई हा हिशेब मांडूं लागल्या, तेव्हां एक कठोर सत्य त्यांच्या पुढ्यांत आलें. ज्या इस्पितळांत आपण रात्रंदिवस राबलों, तें इस्पितळच माणसें मारीत होतें! मायेनें पांघरूण घालणारा हात तुंबलेल्या गटारापुढें दुबळा ठरला होता. साऱ्या देशांत त्यांचा जयजयकार चालला असतां मौन धरणें किती सोपें होतें! परंतु बाईंनीं मौन धरिलें नाहीं. टाळतां येण्याजोग्या रोगांनीं किती माणसें मेलीं आणि जखमांनीं किती, हें एका दृष्टिक्षेपांत दिसावें म्हणून त्यांनीं वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढविल्या आणि मंत्र्यांपुढें ठेविल्या. सेवेचा खरा हिशेब सेविकेनेंच दिला पाहिजे, ही त्यांची निष्ठा येथें प्रथम दिसते. माझ्या मतें बाईंच्या आयुष्यांतील सर्वांत धैर्याचा प्रसंग तो हाच, दिव्याचा नव्हे.

१८५७ सालीं त्यांची प्रकृति ढांसळली आणि पुढील कित्येक वर्षें बिछान्यावर गेलीं. दुसऱ्यांची शुश्रूषा करणारी स्वतःच रुग्ण झाली, आणि लेखणी हेंच तिचें एकमेव साधन उरलें. शुश्रूषेवरील त्यांचें सुप्रसिद्ध पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघालें. तें धंदेवाईक परिचारिकांसाठीं नव्हे, तर घरोघरच्या स्त्रियांसाठीं आहे. कारण प्रत्येक स्त्रीवर केव्हां ना केव्हां कोणाची तरी शुश्रूषा करण्याची वेळ येतेच, हें त्यांनीं ओळखलें होतें. खोलींत हवा आणि उजेड असावा, दाराआड कुजबुज करूं नये, समाचाराला येणाऱ्यांनीं पोकळ धीर आणि फुकटचा उपदेश देऊं नये, अशा साध्या गोष्टी त्यांत आहेत. आपल्याकडे आजाऱ्याभोवती जमणारी आप्तेष्टांची गर्दी ज्यानें पाहिली आहे, त्याला हें पुस्तक परकें वाटणार नाहीं. १८६० सालीं, लोकांनीं कृतज्ञतेनें जमविलेल्या निधींतून, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांची परिचारिका-शाळाही सुरू झाली.

आपल्या देशाशीं त्यांचा संबंध जडला तोही लेखणीच्याच द्वारें. हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं १८५९ सालीं नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ सालीं बाहेर पडला. दर हजारीं ६९ शिपाई दरसाल मरत असल्याचें त्यांतून जगाला कळलें. त्यामागचें कष्ट मुख्यतः बाईंचे होते. त्या येथें कधींच आल्या नाहींत. ठिकठिकाणच्या छावण्यांकडून प्रश्नांचीं उत्तरें मागवून त्यांनीं हा देश वाचून काढला. प्रथम त्यांची दृष्टि बराकीपुरतीच होती. पुढें त्यांना उमगलें कीं, भोंवतालचें गांव रोगी असेल तर बराक निरोगी राहूं शकत नाहीं. आणि गांव उपाशी असेल तर? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या सुमारास त्यांचें लेखन पाटबंधारे, सारा, सावकार आणि कर्जांत बुडालेला रयत यांकडे वळलें. सत्तरी गांठतां गांठतां ग्रामस्वच्छतेविषयीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. वरून हुकूम सोडून खेडें स्वच्छ होत नाहीं, खेडुतांच्याच भाषेंत, त्यांच्याच विश्वासांतल्या माणसांनीं त्यांना समजावलें पाहिजे, असें त्या आतां म्हणूं लागल्या होत्या. वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचें जग आंखडत जातें. या अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीचें मात्र विस्तारत गेलें.

याचा अर्थ त्या निर्दोष होत्या असा नव्हे. सूक्ष्म जंतूंपासून रोग होतात हें मत पतकरावयास त्यांनीं फार काळ घेतला. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी या १८८७ नंतरच्या चळवळीला त्यांनीं हट्टानें विरोध केला, आणि त्यांत त्या चुकल्या असें काळानें ठरविलें. त्यांचे परममित्र सिडनी हर्बर्ट १८६१ सालीं मृत्युपंथाला लागले असतांही बाईंचा कामाचा तगादा सुटला नाहीं. परंतु आपल्या शाळेंतील मुलींना १८७२ पासून त्यांनीं जीं पत्रें लिहिलीं, त्यांत निराळाच सूर ऐकूं येतो. जी परिचारिका पुढें जात नाहीं ती मागें पडते, हें सांगतांना त्या स्वतःलाही शिकणाऱ्यांतच धरतात. वार्धक्यानें त्यांची धार गेली नाहीं. तिच्यांत आर्द्रता आली.

अखेरीस दृष्टि गेली आणि लेखणी सुटली, मग स्मृतीही मंदावली. १९०७ सालीं ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा बहुमान प्रथमच एका स्त्रीला मिळाला. तो घरीं आणून दिला गेला, तेव्हां हें काय चाललें आहे याची पुरती जाणीवही बाईंना उरली नव्हती.

हें सारें वाचतांना माझें मन पुनःपुन्हा आपल्या घरांकडे वळतें. आपल्या आज्या-पणज्यांनीं किती बाळंतपणें काढलीं, किती आजारी माणसांच्या उशाशीं रात्री जागविल्या! कोणता उपाय लागू पडला, कोणता घातक ठरला, हें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें. पण त्यांच्या हातीं कोणी लेखणी दिली नाहीं, आणि त्यांचें ज्ञान त्यांच्याबरोबरच चितेवर गेलें. दिवा आपल्याकडे कधींच कमी नव्हता. आज आपल्या मुलींच्या हातीं लेखणीही आली आहे. घरांत एखादी वृद्ध परिचारिका असेल, नव्हे, आयुष्यभर दुसऱ्यांचें आजारपण काढलेली कोणतीही म्हातारी असेल, तर तिच्याजवळ घटकाभर बसावें आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. नाइटिंगेलबाईंचें याहून उचित स्मारक मला तरी सुचत नाहीं.