पात्यांची बखर

आमच्या राजापूरकडच्या घरात खंडेनवमीला पोथ्यांच्याही आधी पाती बाहेर निघत. विळ्या, कोयत्या, अडकित्ते, आजोबांचा वस्तरा, पणजोबांचा बोरू तासायचा चाकू, असं सगळं ओटीवर जुन्या धोतरावर मांडलं जाई. पावसाळाभर ही पाती खोबरेल माखून, फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली असत. खाऱ्या दमट हवेत लोखंड टिकवायचं तर धूर आणि तेल हे दोनच उपाय तेव्हा हाताशी होते. नवमीला ती खाली येत, पुसली जात, त्यांना हळदकुंकू लागे, आणि पुसता पुसता आजी एकेकाची हकिकत सांगे. कोणतं कुठून आलं, कुणाच्या हातात किती वर्षं होतं, कुणी त्याची मूठ बदलली. आमच्या घराण्याला कागदोपत्री इतिहास फारसा नाही. जो आहे तो या पात्यांवर आणि आजीच्या तोंडात होता.

आजी गेली, चूल गेली, आणि माळ्यावरचं ते गाठोडं माझ्या वाट्याला आलं. सगळं गंजलं होतं. गावातल्या एकाने सुचवलं, ‘ग्राइंडरवर धरा, पाच मिनिटांत आरशासारखं होईल.’ माझ्या आतेआजीने तेवढ्यात माझा हात धरला. ती नव्वदीच्या घरातली, पण तिचा आवाज आजही ओटीवरून परसात पोचतो. म्हणाली, ‘गंज काढ गो. काळं काढू नकोस. काळं आमचं आहे.’

वारशाने आलेलं पातं साफ करायचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे असं मला आज वाटतं. लाल-तपकिरी गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो, आणि वरून पापुद्रे सुटत असताना खाली पोलाद खात राहतो. बोट फिरवलं की तपकिरी पूड हाताला लागते. काळा थर तसा नसतो. तो घट्ट, पातळ आणि पात्याला धरून असतो, बोटाला लागत नाही, आणि खालच्या पोलादाला थोडंबहुत राखतोही. तो तयार व्हायला वर्षानुवर्षं कुणीतरी त्या पात्याने चिरत, कापत, पुसत राहावं लागतं. ग्राइंडरच्या चाकाला हा फरक कळत नाही. शिवाय चाकावर पातं तापतं. दोनशे अंशांच्या वर गेलं की लोहाराने पाण्यात विझवून दिलेला धारेचा कठीणपणा उतरू लागतो, आणि तीनशेच्या आसपास धार निळी पडते. एकदा निळी पडलेली धार नुसत्या दगडावर घासून पूर्ववत होत नाही.

म्हणून मी आतेआजीच्या पद्धतीने गेले. पातं रात्रभर रॉकेलमध्ये, सकाळी नारळाच्या काथ्याने हलक्या हाताने घासायचं, हट्टी गंज बांबूच्या काडीने खरवडायचा, पुन्हा तेल. जिथे काथ्या हरतो तिथे अगदी बारीक तारेची लोकर, तीही तेलात भिजवून. चिंच, लिंबू, कोकम ही तांब्यापितळेची औषधं आहेत. पोलादावर ती गंजाबरोबर काळा थरही खातात आणि पात्यावरच्या खुणाही पुसतात. लाकडी मूठ पाण्यात भिजवायची नाही. पुष्कळ जुन्या मुठी लाखेने बसवलेल्या असतात आणि गरम पाण्यात लाख सुटते.

पहिल्यांदा मी घरातली मोठी विळी घेतली. तिच्याबद्दलची आजीची हकिकत आम्हा मुलांना सगळ्यांत आवडायची. आमचा कोणी पूर्वज विजयदुर्गावर चाकरीला होता, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो तलवार घेऊन घरी आला, पुढे सरकारने तलवारींना बंदी केली तेव्हा त्याच्या नातवाने ती लोहाराकडे नेऊन विळी करून घेतली, असं ती सांगे. ‘माणसं मारायची ती आता माठ चिरते,’ असं आजी म्हणायची, आणि म्हणताना तिला त्याचा अभिमान असे.

या हकिकतीचा कायदेशीर भाग तपासता येतो. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायला आणि हत्यारं घडवायला-विकायला त्याने बंदी घातली. घरात टांगलेली तलवार सरसकट जप्त होत नव्हती. पण कमरेला लावता येत नाही आणि गावचा लोहार दुरुस्त करून देत नाही, अशी तलवार दोन पिढ्यांत निव्वळ लोखंड होऊन बसते. ज्यांचं पोटच तलवारींवर होतं, त्या शिकलगारांचंही हेच झालं. पाती घासून उजळणं, त्यांना धार आणि पाणी देणं हे त्यांचं पिढीजात काम. सैन्यं मोडली, कायदा आला, आणि त्यांची चाकं गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरू लागली. माझ्या लहानपणी सायकलच्या मागच्या चाकावर सहाण फिरवणारे जे धारवाले दारी येत, त्यांच्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे तलवारी उजळत असतील.

विळीचा काळा थर मी काढला नाही, पण पात्याच्या पाठीलगत साचलेला गंज आणि तेलाचं किटण काढलं. तेव्हा पाठीला समांतर जाणारी एक उथळ खाच बोटाला लागली. तिच्या शेजारी दुसरी. पातं खिडकीशी तिरपं धरलं तर दोन्ही खाचा खवणीच्या अलीकडे, जिथे पातं वाकवलेलं आहे, तिथे चेपून नाहीशा होताना दिसत होत्या. विळीला अशा खाचांचा काही उपयोग नाही. तलवारीला आहे. लांब पातं हलकं व्हावं पण लवू नये यासाठी त्या काढतात, आणि मराठ्यांच्या कमरेला असलेल्या फिरंगींवर, म्हणजे युरोपातून आलेल्या पात्यांवर, पाठीलगत अशा अरुंद खाचा नेहमी आढळतात.

मी विळी घेऊन लोहाराकडे गेले. त्याने ती पाटावरून सोडवली, लाकडात बसलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या भागावर कानस एकदा फिरवली, आणि कानस घसरली. म्हणाला, ‘हे आरपार पोलाद आहे. आमच्या आज्याने घडवलं असतं तर पाठीला साधं लोखंड आणि धारेपुरतंच पोलाद घातलं असतं. पोलाद महाग होतं, ताई.’ त्याने स्वतःच्या भिंतीवरची एक जुनी कोयती काढून दाखवली. तिच्या धारेपासून बोटभर वर एक फिकट नागमोडी रेघ होती. तिच्या खाली पोलाद, वर लोखंड, दोन्ही भट्टीत तापवून घणाने एकजीव केलेली. आमच्या विळीवर अशी रेघ नव्हती. तलवार विजयदुर्गावरची होती की नाही हे पातं सांगत नाही. ती तलवार होती, एवढं मात्र ते सांगतं असं मी मानते. आणि ही साक्ष त्या दोन खाचांत होती. ग्राइंडरने ती पहिल्याच मिनिटात खाल्ली असती.

जुनी देशी पाती घासताना हात राखायचं आणखी एक कारण आहे. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या निजामाबादेकडे, मुशीत वितळवलेलं पोलाद तयार होई. त्याच्या चांगल्या पात्यांवर जव्हार म्हणतात ती लाटालाटांची नक्षी दिसते. या पोलादाचे नमुने मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्यातून चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारं घडवली, आणि युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा आपण हे पसंत करतो असं आपल्या दुकानाच्या पत्रकावर छापलं. पुढे मायकल फॅरडेने त्याच्याबरोबर याच पोलादावर प्रयोग केले. अशा पात्यावर एमरी कागद फिरवला की नक्षी दिसेनाशी होते. म्हणून जुनं देशी पातं हाती आलं तर आधी तेलाने पुसावं आणि चांगल्या उजेडात सगळीकडून नीट पाहावं. घासायचं की नाही हे त्यानंतर ठरवावं.

पणजोबांचा चाकू मात्र विलायती. ते गावच्या शाळेत मास्तर होते, मोडी आणि बाळबोध दोन्ही वळणं मुलांकडून घोटून घेत. बोरूची तिरकी जीभ कापायची आणि मधोमध चीर द्यायची तर लहान, पातळ, वस्तऱ्यासारखं पातं लागे. आजी सांगायची, ‘राणीच्या राज्यातला चाकू हा. तपासणीला आलेला साहेब मास्तरांचं अक्षर बघून खूश झाला, आणि खिशातला काढून दिला.’

चाकूची शिंगाची मूठ मी कोरडीच पुसली. पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत दुमडतं, तिथे गंजाखाली अक्षरं असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथे तार लावलीच नाही. रॉकेलचा एकेक थेंब सोडायचा, काडीने टोकरायचं, पुसायचं. हळूहळू एक तारा उगवला, त्याच्या शेजारी चार टोकांचा क्रूस. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण, १६८२ मध्ये नोंदलेली. हिंदुस्थानात या चाकूंना इतकी मागणी होती की त्यांच्या नावाच्या, थोड्या फरकाच्या नकलाही बाजारात येत. असल्या फसवणुकीला आळा घालायला १८८९ मध्ये इथे मालावरच्या खुणांचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणून खूण वाचताना एकेक अक्षर तपासावं लागतं. माझ्या पात्यावरचं स्पेलिंग बरोबर निघालं. खाली बारीक अक्षरांत शब्द होते: ‘कटलर्स टु हिज मॅजेस्टी.’

हिज. राणी असती तर हर असतं. राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ मध्ये. म्हणजे हा चाकू बहुधा त्यानंतरचा.

मी आतेआजीला फोन केला. ती जराही गडबडली नाही. ‘साहेबाचा चाकू झिजून काडी झाला होता,’ ती म्हणाली. ‘मग बाबांनी मुंबईहून तसाच दुसरा मागवला. तोही साहेबाचाच म्हणायची सगळी.’ पहिला चाकू संपला, त्याची गोष्ट दुसऱ्याने पुढे चालवली. पातं आणि हकिकत एकमेकांना अडवतात तेव्हा हकिकत टाकून द्यायची घाई करू नये, अजून एका म्हाताऱ्या माणसाला विचारावं, हे मी त्या दिवशी शिकले. खुणांची जुजबी ओळखही उपयोगी पडते. पात्यावर देशाचं नाव असेल तर ते बहुधा १८९० नंतरचं. ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं असेल तर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे किंवा त्यानंतरचं, कारण हॅरी ब्रिअर्लीला न गंजणारं पोलाद शेफील्डमध्येच १९१३ मध्ये साधलं. मूठ हस्तिदंताची निघाली तर ती विकता येत नाही हेही लक्षात असावं. आणि गाठोड्यात विळ्या-कोयत्यांऐवजी कट्यार किंवा तलवार निघाली, नऊ इंचांहून लांब पात्याची, तर तिला परवाना लागू शकतो. घरकामाची आणि शेतीची हत्यारं यातून वगळलेली आहेत.

शेवटी आजीचा अडकित्ता. तो मी जवळजवळ साफ केलाच नाही. बिजागरीतला गंज काढून तिथे तेलाचा थेंब सोडला, एवढंच. त्याचं पातं निळसर काळं आहे आणि मधोमध, जिथे सुपारी बसते, तिथे बशीसारखं झिजलेलं आहे. सुपारीत टॅनिन असतं. लोखंडाशी गाठ पडली की त्याचं काळं संयुग बनतं. हिरडा आणि हिराकस यांची जी पक्की काळी शाई करत, तिच्यातही हेच घडतं. केळफूल आणि कच्ची केळी चिरून विळी काळी होते तीही यामुळेच, आणि जुन्या लोखंडाची निगा राखणारे तज्ज्ञ आज गंज रोखायला टॅनिनचाच हात देतात. म्हणजे आजोबा, आजी आणि ओटीवर येणारी-जाणारी माणसं यांच्यासाठी रोज कातरलेल्या सुपारीने आजीच्या नकळत त्या अडकित्त्याची राखण केली होती. काळं आमचं आहे, असं आतेआजी का म्हणाली ते मला इथे कळलं.

आता सगळी पाती शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात देऊन, सुती फडक्यात, कोरड्या लाकडी पेटीत आहेत. जेवणातली असतील त्यांना खोबरेल. चामड्याच्या म्यानात काहीच ठेवलेलं नाही, चामडं ओल धरतं. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत: पात्यावर काय दिसतं, घरात काय सांगतात, आणि ते कुणी सांगितलं. आतेआजीच्या नावावर सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या आहेत, आणि दर सुट्टीत मी तिच्याकडे वही घेऊन बसते, कारण पातं आणखी शंभर वर्षं टिकेल, सांगणारं माणूस टिकणार नाही.

विळी मात्र पेटीत नाही. तिला लोहाराने हाताने, पाणी शिंपत, दगडावर धार लावून दिली आणि ती पुन्हा पाटावर बसली. ज्यांच्या घरी अशी पाती आहेत त्यांना माझं एवढंच मागणं आहे की, या खंडेनवमीला ती खाली काढा, घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस शेजारी बसवा, आणि हात गंजापुरताच चालवा.